‘दोन पिंपं’चे शोकाकुल

लिंत्स, ११ फेब्रुवारी २००६

प्रिय झागोर्का आत्या,

काल वकिलाचं जाड पाकीट आलं. तुलाही आलं असेलच. एक बिल्डर आपलं स्मेदेरेवोचं घर मागतो आहे. खालचा आपला ‘दोन पिंपं’ काफाना, त्यातली जेवणा-पिण्याची टेबलं, वरच्या तुझ्या खोल्या, मागचं आवार, सगळंच. पाडून पाच मजले चढवणार. बदल्यात तिसऱ्या मजल्यावर तुला एक फ्लॅट आणि शेजारचा मला. आजोबांनी घर तुझ्या आणि बाबांच्या नावावर अर्धं अर्धं केलं होतं. बाबांचं अर्धं आता माझ्याकडे आलं, म्हणून सह्या आपल्या दोघांच्या लागतात. एकानेही नाही म्हटलं तर विषय संपला, असं वकिलाने स्वच्छ लिहिलं आहे.

कोर्टात दुभाषाचं काम करून करून मला प्रत्येक शब्द दोनदा चाचपायची खोड लागली आहे. पण या पत्रातले शब्द सरळच आहेत. घोळ आहे तो माझ्यात. लिंत्समध्ये बसून ‘दोन पिंपं’ राहू द्या म्हणायला माझं काय जातं? पहाटे उठून शेगडी तू पेटवतेस. तळघराचा जिना तू उतरतेस. गेल्या उन्हाळ्यात बाटल्या घेऊन वर येताना तू त्या जिन्यावर मध्येच बसलीस आणि म्हणालीस, “हा एक दिवस मला गिळणार.” मी हसलो होतो. आता वाटतं, तू ते हसण्यासाठी म्हणाली नव्हतीस. की म्हणाली होतीस? मला खरंच ठरवता येत नाही.

म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या मनात काय आहे? तू म्हणशील तर सही करीन, नको म्हणशील तर कागद परत पाठवीन. माझा विचार मुळीच करू नकोस. मला तिथलं काही नको.

उना व्हिएन्नात मजेत आहे, दातांच्या डॉक्टरकीचं दुसरं वर्ष. पत्र रादिशाच्या बसने पाठवतो आहे, पोस्टापेक्षा लवकर पोचेल. मिलेताला सांगू नकोस. पोस्टमन रिटायर झाला तरी त्याच्या मनाला लागतं.

तुझा,
रास्तको

*

स्मेदेरेवो, २६ फेब्रुवारी २००६

रास्तको,

मी ठणठणीत आहे, तूही तसाच अस. तुझं पत्र रादिशाने आणून दिलं ते नेमकं मिलेताच्या समोर. तो म्हणाला, “बसने येतं त्याला मी पत्र म्हणत नाही, पार्सल म्हणतो.” आणि त्या रागात एक राकिया जास्तीची प्यायला.

बिल्डरचं इथे सगळ्यांना आधीच कळलंय. कसं कळतं ते विचारू नकोस. वुयित्सा डॉक्टर म्हणाला, “झागोर्का, लिफ्ट मिळत्येय तर घे. तुझा गुडघा घोडीचा असता तर मी तिला केव्हाच गोळी घातली असती.” मी म्हटलं, “तुझ्या हातून जगलेलं एक तरी जनावर दाखव, मग माझ्या गुडघ्याबद्दल बोल.” इतकी वर्षं गुरांचा डॉक्टर होता, पण गुरं त्याला बघून लांब पळायची हे सगळं गाव जाणतं. सगळे हसले. तोही हसला. मग मी उठून आमटीत चमचा फिरवत राहिले.

बिल्डर स्वतः येऊन गेला. पोरगेला आहे. कॉफी मागवली आणि फोनवर बोलता बोलता गार केली. जाताना विचारतो, “आजी, दिवसाला गिऱ्हाईक किती होतं?” मी म्हटलं, “गिऱ्हाईक आज तू एकटाच. बाकीचे इथलेच.”

माझ्या मनात काय म्हणून विचारतोस. माझ्या मनाचं काय घेऊन बसलास! अर्धं घर तुझं आहे, पोरगी शिकते आहे, पुढे तुलाच सगळं निभवायचंय. मी सत्तरी ओलांडलेली बाई. गुडघा दुखतो हे खरं. लिफ्ट असली तर बरीच म्हणायची. तुला इथलं काही नको म्हणतोस, मग अडून राहायचं तरी कुणासाठी? तू सही केलीस तर मी काही रडत बसणार नाही.

भाजलेल्या मिरच्यांची बरणी रादिशाकडे दिली आहे. झाकणाला दोरा बांधलाय. दोरा तुटलेला असला तर मला कळव, मग त्याच्याकडे बघते.

आत्या

*

लिंत्स, २० मार्च २००६

प्रिय आत्या,

बरणी पोचली, दोरा शाबूत आहे. रादिशाची बेअब्रू करू नकोस.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बरेच दिवस अडलो. ‘अडून राहायचं तरी कुणासाठी?’ हा प्रश्न होता की उत्तर? कोर्टात असं झालं तर मी हात वर करतो आणि बोलणाऱ्याला पुन्हा विचारायची परवानगी मागतो. इथेही पुन्हा विचारणं हेच बरोबर होतं. मग मी विचारलं का नाही? कारण मला भीती वाटली. पुन्हा विचारलं तर मला बरं वाटावं म्हणून तू ‘नको करू सही’ म्हणशील आणि आणखी दहा वर्षं तो जिना चढत-उतरत राहशील. मग एक दिवस मला फोन येईल. त्या फोनचं ओझं मला नको होतं. म्हणजे बघ, तुझ्या गुडघ्याची काळजी करताना मी माझीच करत होतो की काय, अशी शंका येते आहे.

शुक्रवारी व्हिएन्नाला आपल्या दूतावासात जाऊन सही केली. कारकून म्हणाला, “अभिनंदन, नवं घर!” मी त्याचे आभारही मानले. नंतर समोरच्या बागेतल्या बाकावर किती तरी वेळ बसून होतो. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण तू लिफ्टमधून वर जाते आहेस, हातात जड काही नाही, असं डोळ्यांपुढे आणलं आणि मग घरी आलो.

तुझा,
रास्तको

*

स्मेदेरेवो, १६ एप्रिल २००६

रास्तको,

मीही सही केली. वकिलाच्या ऑफिसातल्या पोरीने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, जसं काही माझं ऑपरेशनच आहे. सप्टेंबरअखेर जागा रिकामी करायची. इमारत होईपर्यंत मिलेताची बायको मला त्यांच्या मागच्या खोलीत ठेवून घेणार आहे.

पुढच्या रविवारी ईस्टर. अंडी रंगवायला घेतली आहेत, दरवर्षीइतकीच. हाताला दुसरा हिशेब येत नाही.

आत्या

*

लिंत्स, ८ ऑक्टोबर २००६

आत्या,

परवा फोनवर तू हसलीस आणि मी फोन ठेवला. रागाने नव्हे. काय झालं ते नीट सांगतो.

शुक्रवारी दुपारी मी बस स्टँडवर रादिशाकडे उनाचं एक पाकीट द्यायला गेलो होतो. मला बघताच त्याने टोपी काढली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. “रास्तको, भाऊ, फार वाईट झालं. देव तिच्या आत्म्याला शांती देवो. दारावर कागद लागलेला बघितला. गाडीत माणसं भरलेली, थांबता आलं नाही.” मी विचारलं, “कुणाचा कागद?” तर तो माझ्याकडे बघतच राहिला. “अरे, काळ्या चौकटीचा. काफान्याच्या दाराला आणि झाडालाही. खाली शोकाकुलांत तुझं नाव मी स्वतः वाचलं. आणि तुला ठाऊक नाही?”

त्या दारामागे आजवर राहिलेलं माणूस तू एकटीच. आणखी काय समजणार मी?

काफान्यात फोन लावला, तर ती लाइनच तोडलेली. मिलेताकडे लावला, कुणी उचलेना. संध्याकाळी त्याच्या बायकोने उचलला. मी कसंबसं विचारलं, अंत्यविधी कधी आहे? तर ती म्हणाली, “कुणाचा? झागोर्का इथे माझ्या स्वयंपाकघरात मिरच्या सोलत्येय. देऊ का?”

मधल्या त्या तासांत मी काळा सूट काढून पलंगावर ठेवला होता. त्याच्याशेजारी बसलो होतो. तू गेलीस याचं दुःख होतंच. पण त्याच्या पोटात आणखी एक दुःख होतं आणि ते काय आहे ते कळायला वेळ लागला. मला आता परत जायला जागाच उरली नव्हती. आत्या, हेल्गा आणि मी दोन वर्षांपूर्वीच वेगळे झालो. तुला सांगितलं नाही, कारण तू जेवण टाकलं असतंस. तेव्हापासून संध्याकाळी घरी आलो की मनात एकच चित्र असतं. उनाचं शिक्षण झालं की कोर्टाची नोकरी सोडायची, रस्त्याकडच्या वरच्या खोलीत राहायचं, तळघरातून पिंपं मी वर आणायची आणि गल्ल्यावर तू बसायचंस. फेब्रुवारीतल्या पत्रात हे एका वाक्यात लिहिलंही होतं. मग वाटलं, हे वाचलं तर दमलेली बाई माझ्यासाठी दुकान उघडं ठेवील. म्हणून ते खोडलं आणि कागद बदलून लिहिलं, मला तिथलं काही नको.

हे मी तुझ्या भल्यासाठी केलं अशी माझी पक्की समजूत होती. आज इतकी पक्की नाही.

काल सकाळी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, मशीन सोमवारी येणार, आता काही होत नाही.

एवढंच सांग. सही व्हावी असं तुला खरंच वाटत होतं का? आणि त्या कागदावर माझं नाव कुणी घातलं?

रास्तको

*

स्मेदेरेवो, २२ ऑक्टोबर २००६

माझ्या राजा,

तू मला जिवंतपणी पुरलंस, आता मी शंभर वर्षं जगणार. इथे सगळ्यांना सांगितलं. रादिशा तोंड लपवून फिरतोय. पण एकटा तोच फसला नाही. बाजारातली कोबीवाली माझ्या नावाने शिजवलेल्या गव्हाचं ताट आणि मेणबत्ती घेऊन आली आणि दारात मलाच बघून किंचाळली. ताट मात्र परत नेलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. साखर कमी होती.

कागदाची गोष्ट सांगते. शेवटच्या आठवड्यात वुयित्सा म्हणाला, “या गावात कुत्र्यासारखा माणूस मेला तरी त्याचा कागद लागतो, आणि हे छप्पर शहात्तर वर्षं उभं राहून मुकाट्याने जाणार?” झालं, सगळ्यांच्या अंगात आलं. मजकूर मिलेताने लिहिला. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचा लाडका काफाना दोन पिंपं, वय वर्षे ७६, कोणत्याही आजाराशिवाय, भल्याचंग्या तब्येतीत, आम्हाला सोडून जात आहे.’ छान लिहितो मेला. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः एकही लिहिलं नाही, ते सगळं पोटात साठलं होतं.

मग भांडण जुंपलं ते शोकाकुलांच्या नावांवरून. तुला माहीतच आहे, कुणाचं नाव कुणाच्या आधी यावरून इथे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. वुयित्सा म्हणे, मी जास्त वर्षं येतोय. मिलेता म्हणे, मी रोज येतोय, तू तर बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी महिनाभर आलाच नव्हतास. शेवटी माझ्याकडे वळले. झागोर्का, तुझं नातं काय लिहायचं? मिलेता म्हणाला, “विधवा लिहा. लग्न तर हिने याच्याशीच लावलं होतं.” सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि म्हटलं, “मुलगी लिहा.”

कुणी हसलं नाही मग.

तुझं नाव मी सांगितलं, तर वुयित्सा उसळला. “मारणाऱ्याचं नाव शोकाकुलांत घालत नाहीत!” मिलेता शांतपणे म्हणाला, “मग झागोर्काचंही काढ. सही तिचीही आहे.” वुयित्साने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, “दोन्ही घाला. माझ्या नावाखाली लगेच त्याचं. त्याच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे?” म्हणून तू तिथे आलास.

आता तुझा प्रश्न. नाही. नव्हतं वाटत. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते ॲप्रनच्या खिशात घालून मी तळघरात गेले आणि त्याच जिन्यावर बसले. मला वाटलं, पोराला पैशांची नड आहे आणि मागायला लाजतोय. इकडचं तिकडचं लिहितोय, माझ्या गुडघ्याचं निमित्त करतोय. ‘मला तिथलं काही नको’ हे वाचलं, आणि जो कधी यायचाच नाही त्याच्यासाठी मी कुठल्या तोंडाने अडून बसू? तू एक ओळ लिहिली असतीस, की आत्या, मी येणार आहे, तर मी त्या बिल्डरला गार कॉफीसकट रस्त्यावर काढला असता. गुडघ्यासकट आणखी वीस वर्षं उभी राहिले असते.

तू दारात थांबून म्हणालास, आधी तू. मी म्हटलं, आधी तू. आपण दोघं असेच उभे राहिलो आणि घर पडलं.

रागावले नाहीये. रागवायला एकजण तरी वाईट लागतो.

मशीन आलं तेव्हा मी गेले नव्हते. मिलेता गेला होता. आला आणि म्हणाला, “भिंत पडली तेव्हा आतून इतका आंबूस वास आला, की मशीनवाल्याने मशीन थांबवलं आणि विचारलं, इथे काय होतं?”

हेल्गाचं मला कळायला हवं होतं. मी जेवण टाकलं नाही. बटाट्याची भाजी केली होती, ती खाल्ली आणि मग रडले.

आत्या

*

लिंत्स, १३ जानेवारी २००८

प्रिय आत्या,

नव्या घरात पोचलीस हे मिलेताच्या बायकोकडून कळलं. तू स्वतः लिहिलं नाहीस म्हणून मी लिहितो. गेल्या वर्षभरात आपण फोनवर हवापाण्यापलीकडे काही बोललो नाही. मला धीर झाला नाही आणि तू सूट दिलीस.

शेजारचा माझा फ्लॅट मी विकणार नाही. उना पास झाली की येईन. निदान तसं ठरवलं आहे, आणि या वेळी ते खोडत नाही.

तोवर माझ्या मनात एक आलं. तुझी बाहेरची खोली चांगली मोठी आहे. काफान्यातलं एक टेबल तू ठेवून घेतलं आहेस ना? ते मध्ये मांड, चौकड्यांचं कापड घाल. मिलेता आणि वुयित्सा येतातच असतील. काफाना म्हणजे शेवटी माणसंच ना? छप्पर गेलं, पण माणसं आहेत, असं मी स्वतःला समजावतो. हे खरं आहे की सोयीचं, ते तू सांग.

तुझा,
रास्तको

*

स्मेदेरेवो, ३ फेब्रुवारी २००८

रास्तको,

मी बरी आहे. लिफ्ट चांगली चालते. घरात ऊब आहे, एक बटण फिरवलं की झालं. सकाळी लवकर जाग येते आणि पेटवायला काही नसतं.

आले होते ते. एकदा आले.

तू म्हणतोस तसंच टेबल मांडलं होतं, तेच कापड. मिलेता, वुयित्सा आणि आणखी दोघं. जन्मभर दारोदार फिरलेला मिलेता, पण खालच्या बेलच्या बटणांत त्याला माझं नाव सापडेना. चौथ्या मजल्यावरच्या बाईने वरून ओरडून सांगितलं. दार उघडलं तर सगळे दाढ्या करून, चर्चला जायचे कोट घालून उभे. प्रत्येकाच्या हातात कॉफीचा पुडा. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत ना!

मग बूट काढायला लागले. मी म्हटलं, “राहू द्या रे.” तर वुयित्सा म्हणाला, “छे छे, फरशी नवी आहे.” माझ्याकडे पाहुण्यांच्या सपाता पुरेनात. चाळीस वर्षं ज्याचं तोंड रोज बघितलं त्या वुयित्साचे पाय मी पहिल्यांदा बघितले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो बिचारा सगळा वेळ एक पाय दुसऱ्या पायाखाली लपवून बसला. काफान्यात असता तर दारातूनच ओरडला असता, “झागोर्का, मेलीस की काय, आज शिजलंय काय?” इथे काय म्हणाला माहितेय? “त्रास नसेल तर अर्धा कप चालेल.”

कुणी शिवी दिली नाही. सिगरेट ओढायला बाल्कनीत गेले, एकेक जण, माझी परवानगी घेऊन. राकिया दिली तर ओठाला लावली आणि म्हणाले, उत्तम आहे. माझ्या राकियाला आजवर कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. पाणी घातलंयस म्हणायचे. कॉफी झाल्यावर उठले. मिलेता म्हणाला, “खूप खूप आभार.” मला आभार, रास्तको.

दार लावलं आणि लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. लगेच आतून भांडण सुरू झालं. “ते बटण नव्हे, गाढवा!” “तू गाढव, तुझा बाप गाढव!” खालपर्यंत ऐकू येत होतं. आवाज बंद झाला तरी मी दाराला हात लावून तशीच उभी होते.

नंतर आले नाहीत. मी बोलावलं तर येतील. पण बोलावलं की ते पाहुणे झाले. एकट्या बाईच्या घरी बोलावल्याशिवाय पुरुषमाणसं येत नाहीत. तिथे त्यांना कधी कुणी बोलावलं होतं? खाली आता औषधांचं दुकान आहे. मिलेता आणि वुयित्सा तिथे रांगेत भेटतात म्हणे. एकमेकांना आपापलं ब्लडप्रेशर विचारतात.

खरं आहे की सोयीचं म्हणून विचारलंस. सोयीचं आहे, बाळा. माणसं आहेत, पण कुठे असायचं ते त्यांना कळेनासं झालंय. मलाही.

तू ये. वर्ष लागू दे, दोन लागू देत. मात्र कॉफी आणू नकोस, कपाट पुड्यांनी भरलंय आणि एकटीच्याने संपत नाही. खालची बेल वाजवू नकोस, कुणाच्या तरी मागोमाग आत शीर. माझं दार उघडंच असेल. बूट काढू नकोस. चिखल असला तरी काढू नकोस. सरळ आत ये आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरड, आज शिजलंय काय म्हणून.

आत्या